सिहोऱ्याची झाडीबोली, इंग्रजीचे ध्वनी आणि मोबाइल

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील सिहोरा परिसरात इंग्रजी शिकवताना मोबाइलचा सर्वांत मोलाचा उपयोग उच्चारांसाठी आहे, कारण झाडीबोलीत ‘श’च्या जागी ‘स’ येतो आणि त्यामुळे ‘शिप’ म्हणजे जहाज व ‘सिप’ म्हणजे घोट यांसारखी लघुतम युग्मे, अर्थात केवळ एका ध्वनीने अर्थ बदलणाऱ्या जोड्या, मुलांच्या कानाला सारखीच वाटू शकतात. हा बोलीचा दोष नव्हे, तिची स्वतंत्र ध्वनिव्यवस्था आहे. नमुना उच्चार आणि स्वतःचा ध्वनिमुद्रित आवाज पाठोपाठ ऐकला, की हा भेद कानात बसू लागतो. काही भेद डोळ्यांनीही दिसतात: ‘व्हेस्ट’ म्हणजे बंडी म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, तर ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम म्हणताना ओठ गोल होतात; इथे मोबाइलचा पुढचा कॅमेराच आरसा होतो.

महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी पहिलीपासून आहे. पाठ्यपुस्तकांत मोबाइलने स्कॅन करायचे क्यूआर कोडही आले, ज्यांचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत करणारे रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा पुरस्कार मिळाला. मात्र कोड पाठ ऐकवतो, मुलाचे बोलणे ऐकत नाही, म्हणून ध्वनिमुद्रण मुलासोबत बसून ऐकणारा शिक्षक अपरिहार्य ठरतो.