काचबिंदू

काचबिंदू : डोळ्यातून मेंदूकडे दृक्‌संवेदना नेणाऱ्या दृक्‌तंत्रिकेचा (मज्जेचा) क्रमाक्रमाने ऱ्हास होऊन दृष्टिक्षेत्र आकुंचित करणाऱ्या विकारसमूहास ‘काचबिंदू’ म्हणतात. नेत्रगोलातील वाढलेला दाब हे त्याचे प्रमुख कारण होय. मोतीबिंदूशी त्याचे नामसाम्य असले, तरी दोहोंत मूलभूत फरक आहे. मोतीबिंदूत भिंग गढूळ होते व ते काढून कृत्रिम भिंग बसविल्यास दृष्टी परत मिळते. काचबिंदूत गेलेली दृष्टी कोणत्याही उपायाने परत येत नाही. ‘बिंदू पिकल्यावर पाहू’ या समजुतीने थांबलेल्या रुग्णाचा डोळा त्यामुळे कायमचा जाऊ शकतो.

विकृतिविज्ञान : डोळ्यातील रोमक पिंडात ‘नेत्रजल’ हा स्वच्छ द्रव दर मिनिटास सुमारे २ ते ३ घ. मिमी. या प्रमाणात तयार होतो. भिंग व कनीनिका (बाहुलीभोवतालचा रंगीत पडदा) यांमधून तो बाहुलीवाटे पुढील कोटरात येतो आणि कनीनिका व स्वच्छमंडल यांच्यामधील कोनात असलेल्या जाळीदार ऊतकातून गाळला जाऊन श्लेम नालीवाटे नीलांत मिसळतो. काही भाग रोमक स्नायूंच्या तंतूंमधूनही बाहेर पडतो. उत्पत्ती व निचरा यांचा समतोल असेतो नेत्रदाब पाऱ्याच्या १० ते २१ मिमी. इतका राहतो. निचऱ्यास अडथळा आल्यास दाब वाढतो, दृक्‌तंत्रिकेच्या मुळाशी असलेले तंतू दाबले जातात, त्यांचा रक्तपुरवठा कमी पडतो व ते मरतात. मेलेल्या तंतूंच्या जागी खळगा पडतो व तो रुंदावत जातो.

२१ मिमी. ही मर्यादा मात्र निरपवाद नव्हे. नागपूरजवळील आठ खेड्यांत २००६ ते २००८ या काळात ३० वर्षांवरील ४,७११ व्यक्तींची तपासणी झाली. तीत सरासरी नेत्रदाब सुमारे १३·६ मिमी. आढळला. काहींच्या तंत्रिकेस ‘सामान्य’ दाबही सोसत नाही, तर काहींना वाढलेला दाब वर्षानुवर्षे अपाय करीत नाही.

प्रकार व लक्षणे : (१) विवृत-कोन प्रकारात कोन उघडा असतो, पण जाळीतून निचरा मंदावतो. डोळा दुखत नाही, लालही होत नाही. प्रथम कडेची दृष्टी जाते. समोरचे स्पष्ट दिसत असल्याने रुग्णास दीर्घकाळ काहीच जाणवत नाही. दक्षिण भारतातील पाहण्यांत आढळलेल्या रुग्णांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांना आपल्या विकाराची पूर्वकल्पना नव्हती. (२) संवृत-कोन प्रकारात कनीनिका पुढे सरकून कोन बुजतो. तो एकाएकी बुजल्यास तीव्र वेदना, लाली, दिव्याभोवती रंगीत वलये, डोकेदुखी व वांत्या ही लक्षणे होतात. अर्धशिशी वा पित्त समजून त्याकडे दुर्लक्ष झाल्यास थोड्या दिवसांत अंधत्व येऊ शकते. (३) दुय्यम प्रकार इजा, डोळ्यातील शोथ, अतिपक्व मोतीबिंदू किंवा स्टेरॉइडयुक्त थेंबांचा दीर्घ वापर यांमुळे होतो. डोळ्यांच्या खाजेसाठी दुकानातून परस्पर आणलेले असे थेंब महिनोन्‌महिने घालणे म्हणूनच घातक ठरते. (४) जन्मजात प्रकारात अर्भकाचा डोळा मोठा व पाणावलेला दिसतो.

औषधी चिकित्सा : सर्व औषधांचा हेतू दाब कमी करून उरलेली दृष्टी टिकविणे हा असतो. १८७६ मध्ये लूटव्हिख लाक्वर यांनी कॅलाबार बीपासून मिळणारे फायसोस्टिग्मीन वापरले. त्याच सुमारास पायलोकार्पिनाचा वापर सुरू झाला. पायलोकार्पिनाने बाहुली आकुंचित होऊन निचरा सुधारतो, पण मंद प्रकाशात दिसणे कमी होते. १९५४ पासून ॲसिटाझोलामाइड हे पोटात घेण्याचे औषध वापरात आले. ते कार्बॉनिक अँहायड्रेज या एंझाइमास रोधून नेत्रजलाची उत्पत्ती घटविते. हातापायांस मुंग्या येणे व मूतखडा हे त्याचे दोष होत. याच गटातील डॉर्झोलामाइड थेंबांच्या रूपात मिळते.

टिमोलॉल (अमेरिकेत मान्यता १९७८) हेही उत्पत्ती कमी करते. थेंब असूनही ते रक्तात शोषले जात असल्याने दमा व मंद हृदयगती असलेल्यांस देत नाहीत. ब्रिमोनिडीन उत्पत्ती घटवून निचराही वाढविते. अर्भकांस ते वर्ज्य आहे. १९९६ मध्ये मान्यता मिळालेले लॅटानोप्रोस्ट व त्याच्या गटातील औषधे रोमक स्नायूतील निचरा वाढवितात. दिवसातून एकदाच घालावी लागत असल्याने आज बहुधा त्यांनीच प्रारंभ करतात. पापण्यांचे केस लांबणे व कनीनिका काळसर होणे हे त्यांचे परिणाम होत. तीव्र झटक्यात ॲसिटाझोलामाइड व नीलेतून मॅनिटॉल देऊन दाब तातडीने उतरवितात व नंतर लेसर किरणांनी कनीनिकेस छिद्र पाडतात.

औषधांनी दाब आटोक्यात न राहिल्यास लेसर किंवा निचऱ्याची नवी वाट करणारी शस्त्रक्रिया योजतात. अशा शस्त्रक्रियेची एक पद्धती रॉबर्ट हेन्री एलियट यांनी १९०९ मध्ये मद्रास येथे प्रचारात आणली.

औषधाचे सातत्य : थेंब घालताना खालची पापणी ओढून एकच थेंब टाकावा, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटे दाबावा व दुसरे औषध पाच मिनिटांनी घालावे. लॅटानोप्रोस्टाच्या अनेक न उघडलेल्या बाटल्या २° ते ८° से. तापमानात ठेवाव्या लागतात. मुंबई–नाशिक महामार्गावरील वडपे (ता. भिवंडी) यासारख्या गोदामांच्या परिसरापासून खेड्यातील दुकानापर्यंतच्या प्रवासात हे तापमान सुटल्यास औषधाचा गुण कमी होतो. उघडलेली बाटली चार ते सहा आठवड्यांत संपवावी.

बरे वाटते किंवा फरक दिसत नाही म्हणून औषध सोडणे हे दृष्टी जाण्याचे मोठे कारण आहे. कारण औषधाचे यश दृष्टी सुधारण्यात नसून ती आणखी न घटण्यात असते. चाळिशीनंतर सर्वांनी, व रुग्णाच्या भावंडांनी आणि अपत्यांनी विशेषेकरून, नेत्रदाब, दृक्‌तंत्रिका व दृष्टिक्षेत्र यांची वेळोवेळी तपासणी करून घेणे हाच अंधत्व टाळण्याचा खात्रीचा मार्ग होय.