गटाचं कर्ज आणि कॅमेरा : साधा घ्यावा की मधला?

बारसं, हळदीकुंकू, साखरपुड्याचे फोटो काढायचा धंदा करायचा तर डीएसएलआर कॅमेरा कोणता घ्यावा, हा प्रश्न रे रोडच्या वस्तीतल्या बैठकीत येतो, तसा गावाकडच्या गटांतही येतो. कर्ज गटाचं, हप्ताही आपणच भरणार. म्हणून नीट समजून घेऊ.

उदाहरणाला निकॉनचे दोन घेऊ : सुरुवातीचा डी३५०० आणि मधल्या दर्जाचा डी७५००. मेगापिक्सेल साध्याचेच जास्त आहेत, २४.२, मधल्याचे २०.९. मग मधल्याला जास्त पैसे कशाचे?

फोकस : साध्यात ११ बिंदू, मधल्यात ५१. पाळण्याभोवती गर्दी असली तरी हवा तो चेहरा पकडता येतो.

वेग : साधा सेकंदाला ५ फोटो काढतो, मधला ८. अक्षता पडतानाचा क्षण परत येत नाही.

डोळा लावायची खिडकी : साध्यात आरसे, मधल्यात काचेचं प्रिझम. अंधुक हॉलमध्येही मधल्यात उजळ आणि मोठं दिसतं.

चाकं : मधल्याला दोन. उजेड बदलला की एकाने शटरचा वेग, दुसऱ्याने लेन्सचं तोंड पटकन बदलता येतं.

मोटर : मधल्याच्या अंगात फोकसची मोटर आहे. त्यामुळे जुन्या, स्वस्त ‘डी’ लेन्सही आपोआप फोकस करतात. साध्यावर त्या हातानेच फिरवाव्या लागतात.

बांधणी : सांध्यांना सील असतं. दारूखान्याची लोखंडी धूळ असो की खळ्यावरची, आत कमी जाते. पण पावसात भिजवायचा नाही हं!

साध्याची बाजूही ऐका. तो हलका आहे आणि एका चार्जमध्ये कंपनीच्या मोजणीने १५५० फोटो काढतो, मधला ९५०. भर उजेडात दोघांच्या फोटोत फारसा फरक दिसत नाही. पापड-मसाल्याच्या पाकिटांचे फोटो काढायचे असतील तर साधा पुरे. कार्यक्रमांच्या ऑर्डरी हातात असतील तरच मधल्याचा विचार करा.

आता कंपन्यांचा भर मिररलेसवर आहे, त्यामुळे डीएसएलआर बहुधा वापरलेलाच मिळेल. रे रोडहून हार्बर लोकलने सीएसएमटीला उतरलं की फोर्टचा बोरा बाजार जवळच. तिथे शटर किती वेळा उडालंय ते विचारा, पक्कं बिल घ्या. आणि निघण्याआधी महिन्याच्या ऑर्डरी आणि हप्ता शेजारी-शेजारी लिहून बैठकीत मांडा. ठराव झाल्यावरच पैसे काढा.