विश्लेषण : एमबीएचा पेपर चॅटजीपीटीने सोडवला, मग विद्यार्थ्यांनी शिकायचे काय?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलमधील प्राध्यापक ख्रिश्चन टेरविश यांनी जानेवारी २०२३ मध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एमबीएच्या ‘ऑपरेशन्स मॅनेजमेंट’ विषयाची अंतिम परीक्षा त्यांनी चॅटजीपीटीला दिली होती. त्यांच्या मते, उत्तरे ‘बी’ ते ‘बी उणे’ श्रेणीच्या योग्यतेची होती. म्हणजे चॅटजीपीटी उत्तीर्ण!

कुठे चुकले?

मूलभूत प्रश्नांची उत्तरे आणि त्यांचे स्पष्टीकरण उत्तम होते. मात्र सहावीच्या पातळीच्या सोप्या हिशेबात मोठ्या चुका झाल्या. माणसाने इशारा दिल्यावर उत्तर सुधारलेही. पण इशारा देण्यासाठी चूक ओळखता यायला हवी.

बंदी हा उपाय आहे का?

व्हार्टनमधीलच प्राध्यापक ईथन मॉलिक यांनी २०२३ च्या सुरुवातीला उलट वाट धरली. त्यांनी वर्गात एआयचा वापर सक्तीचा केला. अट अशी, की वापर केल्याचे उघड सांगायचे आणि चुकीची जबाबदारी स्वतः घ्यायची.

विद्यार्थ्यांसाठी याचा अर्थ काय?

घरी लिहून आणलेल्या प्रोजेक्टवरून आता विद्यार्थ्याची समज कळत नाही. उद्या नोकरीत मागणीचा अंदाज चुकला, तर माल गोदामात पडून राहील आणि जाब माणसालाच द्यावा लागेल. त्यामुळे एआयचे उत्तर तपासायला लावणारी, तोंडी प्रश्न विचारणारी परीक्षा महत्त्वाची ठरते. कर्ज काढून प्रवेश घेणाऱ्यांनी कॉलेजात कोणते सॉफ्टवेअर आहे, यापेक्षा परीक्षा कशी होते, हे आधी विचारावे.