दलदलीतून मिथेन निघतो, मग ती कोरडी करायची का? पाण्याच्या पातळीचं गणित समजून घ्या

नारायण पेठेतून डेक्कनला जाणारा भिडे पूल खडकवासल्याचं पाणी सोडलं की बुडतो, हे पुणेकरांना पाठ आहे. उन्हाळ्यात मात्र मुठेचं पाणी संथ होतं आणि तळाला काळा गाळ असतो. अशा गाळातून जे बुडबुडे येतात, त्यात बराच मिथेन असतो. गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तोच वायू.

तो तयार कसा होतो?

गोबरगॅसच्या बंद टाकीत हवा नसते. ऑक्सिजन नसला की काही सूक्ष्मजीव कुजणाऱ्या पदार्थांपासून मिथेन बनवतात. पाण्याखालच्या चिखलातही हेच होतं, कारण पाण्यातून ऑक्सिजन फार हळू खाली जातो.

पाणी जमिनीच्या खाली उतरलं, की वरच्या थरात हवा शिरते. तिथले दुसरे जिवाणू खालून येणारा मिथेन वाटेतच खातात आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड करतात. मिथेन तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा १०० वर्षांच्या हिशेबात सुमारे २८ पट जास्त तापवतो. म्हणजे कोरडं केलेलं बरं?

इथेच गणित उलटतं. ‘पीट’ म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. अशा दलदली जगाच्या जमिनीच्या जेमतेम ३ टक्के आहेत, पण जगभरच्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त कार्बन त्यांच्यात साठला आहे. पाणी काढलं की हा साठा कुजू लागतो आणि वर्षानुवर्षं कार्बन डायऑक्साइड सोडतो.

इंडोनेशियाने हे भोगलं. १९९६ मध्ये कालिमंतानमध्ये सुमारे १० लाख हेक्टरवर भात पिकवण्यासाठी कालवे खणले गेले. भात फसला आणि वाळलेलं पीट १९९७ मध्ये पेटलं. २०१५ मध्ये पुन्हा पेटलं.

मग पाणी किती असावं?

२०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, कोरड्या केलेल्या पीटमध्ये पाणी दर १० सेंटिमीटर वर आणलं, की हेक्टरी वर्षाला किमान ३ टन कार्बन डायऑक्साइडएवढं उत्सर्जन घटतं. पातळी जमिनीखाली ३० सेंटिमीटरवर येईपर्यंत हा हिशेब लागू पडतो. पाणी अगदी वर येऊन उभं राहिलं, तर मिथेन वाढू लागतो. म्हणून पाणी पृष्ठभागाजवळ, पण थोडं खाली ठेवणं फायद्याचं.

पुण्याजवळ पीट नाही, पण भात आहे. पाणी भरलेल्या खाचरातही मिथेन बनतो. त्यावर उपाय म्हणजे आलटून-पालटून पाणी देणं. शेतात भोकं पाडलेला पाइप पुरायचा, त्यातलं पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटरवर गेलं की पुन्हा भरायचं. फुलोऱ्यात मात्र पाणी तोडायचं नाही. यामुळे मिथेन साधारण ३० ते ५० टक्के घटू शकतो, पाणीही वाचतं. नायट्रस ऑक्साइड हा दुसरा तापवणारा वायू थोडा वाढतो, तरी एकूण हिशेब बहुधा फायद्याचाच राहतो. मावळ-मुळशीच्या धो-धो पावसात हे अवघड आहे, पण जिथे पाण्याची चावी शेतकऱ्याच्या हातात आहे तिथे जमतं.

तेव्हा ‘पाणथळ जागा मिथेन सोडतात, बुजवून टाका’ अशी पोस्ट दिसली, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा: पाणी काढल्यावर खालच्या कार्बनचं काय होणार?