उजनीच्या पाण्यावर कॅमेरा घेऊन

भिगवणला बहुतेक जण फक्त रोहित पक्ष्यांसाठी जातात. जावंच, पण उजनी धरणाच्या याच फुगवट्यात पळसदेवचं जुनं देऊळही आहे. 1980 च्या सुमारास भीमेवरचं धरण भरलं, गाव वर सरकलं, देऊळ पाण्यात राहिलं. पाणी उतरलं की आधी विटांचं शिखर दिसतं. 2024 च्या उन्हाळ्यात तर अख्खं देऊळ उघडं पडलं होतं. माझ्या मते तिथे भर दुपारचा फोटो वाया जातो. तिरप्या उन्हातच दगडावरचं कोरीवकाम उठून येतं.

रोहितसाठी कुंभारगावहून पहाटेची होडी धरा. हा पक्षी चोच उलटी बुडवून चिखलपाणी गाळून खातो, म्हणून मान खालीच असते. वर कधी करेल याची वाट बघावी लागते. उडण्याआधी तो पाण्यावर धावतो. शटर 1/2000 च्या आसपास असलं तर पंखांखालचा लाल-काळा रंग स्वच्छ मिळतो. होडीत उभं राहू नका, कॅमेरा पाण्याच्या जेवढा जवळ तेवढं चांगलं. आणि थवा उडवायला नावाड्याला जास्तीचे पैसे देणारे महाभाग भेटतात, त्यांच्या होडीत बसू नका. पट्टकदंब हंस बघायचे असतील तर थंडीतच या, मार्चनंतर ते हिमालयापलीकडे परत निघतात.