वर्गात डोकावणारा शिपाई

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याचा हिवाळा फार कडक. पारा शून्याच्या बराच खाली उतरतो. तेथील व्हाइटवॉटर या गावी शिक्षक तयार करणारे एक सरकारी विद्यालय होते. आपल्याकडच्या अध्यापक विद्यालयासारखेच म्हणा ना. वॉरेन जॉन्सन १८७६ पासून तेथे शिकवत. इमारत ऊबदार ठेवणारी भट्टी तळघरात होती. शिपाई वरचेवर वर्गात येई, खोली तापली आहे की गारठली आहे ते पाही आणि पुन्हा खाली जाऊन झडपा कमीजास्त करी. ऐन रंगात आलेल्या तासाला असे दार उघडले की काय होते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

जॉन्सन यांनी उपाय शोधला तो द्विधातू पट्टीत. एक मीटर लांबीची पितळी पट्टी १० अंश सेल्सिअसने तापवली तर सुमारे ०.१९ मिलिमीटर वाढते. लोखंडाची सुमारे ०.१२. फरक नगण्य वाटतो. पण दोन्ही पट्ट्या एकमेकींना घट्ट जोडल्या, की वाढीला वाव न मिळाल्याने जोडपट्टी लोखंडाच्या बाजूला वाकते आणि तिचे टोक चांगले नजरेत भरेल इतके सरकते. (चॉकलेटच्या वेष्टनातील चांदीवर कागद चिकटवा, अरुंद पट्टी कापा आणि मेणबत्तीच्या ज्योतीपासून बऱ्याच उंचीवर धरा. ती कागदाच्या बाजूला वाकेल. वर्गात अवश्य करून पाहा.) सरकणाऱ्या टोकाने विद्युतमंडल जोडले जाई आणि तळघरात घंटा वाजे. १८८३ साली या उपकरणाचे पेटंट मिळाले. प्लँकिंटन नावाच्या धनिकाचे भांडवल मिळाले, आणि १८८५ मध्ये मिलवॉकी शहरात कंपनी उभी राहिली. तीच आजची जॉन्सन कंट्रोल्स.

येथे एक गोष्ट निसटून जाते. घंटा वाजली तरी झडप फिरवायला माणूस लागतच होता. म्हणजे मोजणे यंत्राने, पण करणे माणसाने. हे अर्धे नियंत्रण झाले. वाफेची जड झडप फिरवण्याइतका जोर त्या नाजूक पट्टीत कोठून यावा? हे काम दाबाखालच्या हवेकडे सोपवता येते. पट्टीने फक्त एका बारीक छिद्रावर कमीजास्त झाकण धरायचे. त्यामुळे नळीतील हवेचा दाब बदलतो, तो दाब एका पडद्यावर पडतो आणि पडदा झडप ढकलतो. खोली तापली की झडप मिटू लागते, गार झाली की उघडू लागते. परिणाम परत कारणापर्यंत पोचतो. याला पुनर्भरण म्हणतात. इस्त्रीतील पट्टी नुसते चालू-बंद करते, तिचा ‘टक्’ आवाज आपण ऐकतोच. हवेची झडप मात्र थोडीथोडी उघडते, म्हणून तापमान फारसे हेलकावत नाही. आमच्या प्रयोगशाळेतील एका जुन्या भट्टीच्या ‘टक्-टक्’मुळे कित्येक मोजमापे वाया गेली, तेव्हा हा फरक मला पुरता उमगला. प्रत्येक खोलीचे तापमान वेगळे राखणाऱ्या हवेच्या योजनेचे पेटंट जॉन्सन यांना १८९५ मध्ये मिळाले.

गृहस्थ एका जागी थांबणारे नव्हते. हवेवर चालणारी मनोऱ्यांची घड्याळे, बिनतारी तारायंत्र, वाफेच्या मोटारी असे सर्व काही त्यांनी करून पाहिले. १९११ मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी अध्यक्ष झालेल्या हॅरी एलिस यांनी हे इतर उद्योग आवरते घेतले आणि कंपनीला पुन्हा तापमाननियंत्रणावर आणले.

गंमत अशी, की पुढे तोच खेळ पुन्हा झाला. १९७४ मध्ये नावात ‘कंट्रोल्स’ आले, आणि १९७८ मध्ये बॅटऱ्या बनवणारी ग्लोब-युनियन कंपनी विकत घेतली. १९८५ पासून मोटारींच्या आसनांचा धंदा वाढला. २०१६ साली आसनांचा विभाग वेगळा काढला, त्याच वर्षी आगीपासून संरक्षण करणाऱ्या साधनांची टायको कंपनी सामील झाली, आणि २०१९ मध्ये बॅटऱ्याही विकल्या. उरले ते इमारतींचे काम, जे व्हाइटवॉटरच्या वर्गातून सुरू झाले होते.