गुरू, भाषा आणि विद्यापीठ : जपानमधील उच्च अध्ययनाच्या निमित्ताने

गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माच्या अभ्यासासाठी घराबाहेर पडले, तेव्हा त्यांच्यापुढे विद्यापीठांची कोणतीही यादी नव्हती. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ आणि बुद्धगया असा खडतर प्रवास करून १९०२ मध्ये ते सिंहलद्वीपास पोचले व कोलंबो येथील विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांजवळ पालीचे अध्ययन करू लागले. काय शिकावयाचे हे त्यांनी आधी ठरविले होते. ते कोणापाशी शिकता येईल याचा शोध त्यानंतर घेतला. आणि स्थळ सर्वांत शेवटी निश्चित झाले. आज आशियातील एका देशातून दुसऱ्या देशात अध्ययनासाठी जाऊ इच्छिणारा विद्यार्थी बहुधा याच्या नेमका उलट क्रम पत्करतो. तो प्रथम देश निवडतो, मग क्रमवारीतील विद्यापीठ, आणि विषय व मार्गदर्शक यांचा विचार प्रवेशपत्र भरावयाच्या वेळी करतो. हा क्रम कोठे फसतो व त्याऐवजी कोणता क्रम स्वीकारावा, याचे विवेचन जपानचे उदाहरण घेऊन करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम क्रमवारीचा विचार करू. २००३ मध्ये सुरू झालेल्या शांघाय क्रमवारीत ३० टक्के गुण त्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांना व अध्यापकांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकांवर आणि फील्ड्स पदकांवर अवलंबून असतात. क्यूएस क्रमवारीत २०२४ च्या आवृत्तीपासून ३० टक्के गुण विद्वानांमधील प्रतिष्ठेला दिलेले आहेत. त्यापूर्वी हे प्रमाण ४० टक्के होते. ही मापे निरर्थक आहेत असे नव्हे. परंतु ती संपूर्ण संस्थेची मापे आहेत. संशोधक विद्यार्थी संपूर्ण संस्थेत राहत नाही. तो एका विभागात, किंबहुना एका अध्यापकाच्या सान्निध्यात तीन ते पाच वर्षे काढतो. त्याच्या विषयाचा एकही जाणकार नसलेले विद्यापीठ क्रमवारीत कितीही वर असले, तरी त्याच्यापुरते ते रिकामेच होय. अर्थात काही शिष्यवृत्त्यांच्या नियमांतच क्रमवारीतील स्थानाची अट असते. तेथे ती पाळणे भाग आहे. मात्र अट ही उंबरठ्यासारखी असते, उंबरठा ओलांडल्यावर घर कोणते हे वेगळेच पाहावे लागते.

जपानच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो. तेथील उच्च अध्ययनाचा खरा घटक विद्यापीठ नसून ‘केनक्यूशित्सु’ म्हणजे एका प्राध्यापकाभोवती उभे राहिलेले संशोधनदालन हा आहे. साप्ताहिक चर्चासत्र, उपकरणांचा वापर, प्रबंधाचा विषय, पुढील शिफारस या सर्व गोष्टी त्याच्याशी निगडित असतात. म्हणून प्रवेशापूर्वीच संभाव्य मार्गदर्शकाशी पत्रव्यवहार करून त्याची संमती मिळविण्याची रीत तेथे रूढ आहे. अशा पत्रात स्वतःच्या गुणांची यादी देण्यापेक्षा त्या प्राध्यापकाचे कोणते लेखन आपण वाचले व त्यातून कोणता प्रश्न सुचला हे दोन परिच्छेदांत सांगणे अधिक फलदायी ठरते. आणखी एक व्यावहारिक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. बहुतेक राष्ट्रीय विद्यापीठांत प्राध्यापक ६५ व्या वर्षी निवृत्त होतात. ज्यांच्या कीर्तीवर भाळून आपण जावे ते दोन वर्षांत निवृत्त होणार असतील, तर प्रबंध अर्ध्यावर असताना मार्गदर्शक बदलण्याची पाळी येते.

दुसरा प्रश्न पात्रतेचा. जपानमध्ये पारंगत-पदवीच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळण्यासाठी सामान्यतः १६ वर्षांचे औपचारिक शिक्षण अपेक्षित असते. आपल्याकडील बारा वर्षे व त्यावर तीन वर्षांची पदवी मिळून ती १५ च होतात. अशा विद्यार्थ्याने विद्यापीठाकडून स्वतंत्र पात्रता-तपासणी करून घ्यावी लागते, किंवा भारतात एम. ए. वा एम. एस्सी. चे अध्ययन केलेले असावे लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी घेणाऱ्यांपुढे ही अडचण राहत नाही. प्रवेश-परीक्षेपूर्वी काही काळ ‘केनक्यूसेई’ म्हणून राहण्याचीही सोय तेथे आहे. परंतु त्या काळाची पदवी मिळत नाही व पुढील प्रवेशाची हमीही नसते, हे ध्यानात ठेवूनच ती स्वीकारावी.

तिसरा प्रश्न भाषेचा. २००९ मध्ये जपान सरकारने ‘ग्लोबल ३०’ ही योजना हाती घेऊन १३ विद्यापीठांत इंग्रजीतून पूर्ण अभ्यासक्रम सुरू करण्यास चालना दिली. तेव्हापासून विज्ञान व अभियांत्रिकी शाखांत इंग्रजीतून प्रबंध लिहिणे सुलभ झाले आहे. तथापि, प्रबंधाची भाषा ही एक गोष्ट आणि दालनातील भाषा ही दुसरी. चर्चासत्रातील वादविवाद, कार्यालयातील अर्ज, घराचा करार हे व्यवहार बहुतांशी जपानीतच चालतात. इतिहास, समाजशास्त्र वा साहित्य यांच्या अभ्यासकास तर मूळ साधने जपानीतच वाचावी लागतात. जपानी भाषेच्या प्राविण्य-परीक्षेच्या २०१० पासून पाच पायऱ्या आहेत. त्यांपैकी निदान खालच्या एकदोन पायऱ्या भारतात असतानाच चढून गेल्यास पहिले वर्ष वाया जात नाही.

चौथा प्रश्न द्रव्याचा. राष्ट्रीय विद्यापीठांचे प्रमाण-शुल्क वर्षाला ५,३५,८०० येन व प्रवेश-शुल्क २,८२,००० येन असे आहे. परंतु ते सर्वत्र एकसारखे राहिलेले नाही. टोकियो विद्यापीठाने २०२५ पासून पदवी अभ्यासक्रमास नव्याने येणाऱ्यांसाठी वार्षिक शुल्क ६,४२,९६० येन केले. त्यामुळे अर्ज करावयाच्या वर्षीचा आकडा त्या त्या विद्यापीठाकडूनच घ्यावा. परवाना काढून आठवड्यास २८ तासांपर्यंत काम करता येते; पण या कमाईवर शुल्काचा हिशेब बसविणे धोक्याचे आहे, कारण प्रयोगशाळा विद्यार्थ्याचा वेळ मोजून घेत नाही. जपान सरकारची शिष्यवृत्ती १९५४ पासून चालू असून तिचे दूतावासामार्फत व विद्यापीठामार्फत असे दोन मार्ग आहेत. दोहोंत संशोधनाचा आराखडा मागितला जातो. म्हणून तयारी सुमारे वर्षभर आधी सुरू करावी. शिष्यवृत्तीबरोबर येणारी बंधनेही वाचली पाहिजेत. उदाहरणार्थ, सिंगापुरात शासकीय शुल्क-अनुदान घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यास पदवीनंतर तेथील संस्थेत तीन वर्षे नोकरी करण्याचे बंधपत्र लिहून द्यावे लागते. कोणास ती संधी वाटेल, कोणास बेडी. निर्णय सही करण्यापूर्वी व्हावा, एवढेच.

परतीच्या वाटेचाही विचार जाण्यापूर्वीच करावा. भारतात अध्यापन करावयाचे असल्यास परदेशी पदवीची मान्यता हा प्रश्न उपस्थित होतो. या विषयी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये नवे विनियम प्रसिद्ध केले आहेत. निवडलेला अभ्यासक्रम त्यांत बसतो की नाही हे आधीच पाहणे, पदवी हाती घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजविण्यापेक्षा बरे.

एवढी काळजी घेऊनही निवड चुकणार नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. चिनी लेखक लू शुन १९०२ मध्ये जपानला गेले आणि १९०४ मध्ये सेंदाई येथील वैद्यक विद्यालयात दाखल झाले. हेच विद्यालय पुढे तोहोकू विद्यापीठात समाविष्ट झाले. शरीररचनाशास्त्राचे अध्यापक फुजिनो हे या परक्या विद्यार्थ्याच्या टिपणवह्या घेऊन त्या लाल शाईने तपासून देत असत. १९०६ मध्ये लू शुन यांनी वैद्यक सोडले व साहित्याची वाट धरली. परंतु त्या गुरूचे ऋण ते विसरले नाहीत. पुढे वीस वर्षांनी त्यांनी त्यांच्यावर लेख लिहिला. विषय बदलला, पदवी मिळाली नाही, तरी सेंदाईतील ती दोन वर्षे व्यर्थ गेली असे कोण म्हणेल ?

यावरून निवडीचा क्रम स्पष्ट होतो. आपला प्रश्न कोणता, तो कोणापाशी शिकता येईल, त्या स्थळाची भाषा आपणास पेलेल काय, खर्च व बंधने सोसतील काय, आणि परतल्यावर पदवीस मान्यता मिळेल काय, हे पाच प्रश्न याच क्रमाने विचारावेत. विद्यापीठाचे नाव या उत्तरांतून आपोआप पुढे येते. विभागातील अध्यापकांनीही शिफारसपत्र देण्यापूर्वी विद्यार्थ्यास हे प्रश्न विचारावेत. कारण जो जातो त्याची उमेदीची वर्षे व पुष्कळदा घरच्यांची आयुष्यभराची शिल्लक या एका निवडीवर खर्ची पडत असते.